डिझेल आलं, डबे मागेच राहिले: संक्रमणकाळातल्या ब्रिटिश रेकची पार्श्वभूमी

वाफेकडून डिझेलकडे वळणाऱ्या ब्रिटिश रेल्वेचं मॉडेल करायला घेतलं की अभ्यास सगळा इंजिनांचा होतो. कुठलं इंजिन कधी बांधलं, कधी भंगारात गेलं, हे तोंडपाठ असतं. त्याच्यामागच्या रेकला, म्हणजे डब्यांच्या रांगेला, मात्र हाताला लागतील ते डबे. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं. १९३४ साली आलेली 'ब्लॅक फाइव्ह' जातीची इंजिनं ऑगस्ट १९६८ मध्ये, ब्रिटिश रेल्वेवरची वाफ संपली त्या महिन्यातही गाड्या ओढत होती, आणि तेव्हाही ती काळीच होती. नुसत्या इंजिनावरून साल ओळखणं अवघड. मागच्या डब्यांचा आकार, रंग, दारावरचा आकडा पाहिला की मात्र दोन-तीन वर्षांच्या फरकाने साल सांगता येतं.

१ जानेवारी १९४८ रोजी रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा ब्रिटिश रेल्वेच्या पदरात चार कंपन्यांचे डबे पडले: एलएमएस, एलएनईआर, ग्रेट वेस्टर्न आणि सदर्न. प्रत्येकीचा तोंडवळा वेगळा. पुढे येणारी ग्रेस्ली, स्टेनियर, थॉम्पसन, बुलीड ही नावं त्या-त्या कंपनीच्या मुख्य अभियंत्यांची. एलएनईआरचे ग्रेस्ली डबे सागवानी, वार्निश केलेले, टोकाला छत घुमटासारखं उतरतं. एलएमएसचे स्टेनियर डबे बाहेरून सपाट पत्र्याचे, आत लाकडी सांगाडा. एलएनईआरच्याच थॉम्पसन यांचे पत्र्याचे डबे तर शौचालयाच्या लंबगोल खिडकीवरून दुरूनही ओळखू येतात. सदर्नच्या बुलीड डब्यांच्या बाजूंना छान बाक होता, आणि नव्या सरकारी डब्याच्या घडणीत त्याची छाप उतरली.

तो नवा डबा म्हणजे मार्क १. तो १९५१ पासून रुळांवर आला. अंग पोलादी, मुख्य मार्गावरच्या डब्याची लांबी ६४ फूट ६ इंच. लोकल गाड्यांसाठी ५७ फुटी बिनकॉरिडॉरची, म्हणजे आत लांबीभर जाणारी वाट नसलेली, आवृत्तीही निघाली. हजारो डबे बांधायचे तर वर्षं जाणारच, म्हणून संपूर्ण पन्नासचं दशक जुने आणि नवे डबे एकाच गाडीत शेजारी-शेजारी धावले. पूर्ण मार्क १ चा एकसारखा रेक दिसायला नीटनेटका असतो, पण १९५५ च्या लेआउटवर (मॉडेलच्या मांडणीवर) सगळ्याच गाड्या तशा असतील तर तो काळ हातून निसटतो. एखादा स्टेनियर, एखादा ग्रेस्ली मध्ये हवाच.

ही सरमिसळ वाटते तितकी सोपी नव्हती. एलएनईआर आणि सदर्नच्या डब्यांना पुलमन पद्धतीचं व्हेस्टिब्यूल (दोन डब्यांना जोडणारी झाकलेली वाट) आणि आपोआप अडकणारं बकआय कपलिंग होतं, तर एलएमएस आणि ग्रेट वेस्टर्नच्या डब्यांना वेगळ्या घडणीचं व्हेस्टिब्यूल आणि हाताने पिळून आवळायचं स्क्रू कपलिंग. मार्क १ ने पुलमन पद्धत घेतली. त्यामुळे स्टेनियर डबा मार्क १ ला जोडताना मध्ये अॅडॅप्टर बसवावा लागे, आणि बकआय खाली पाडून त्यामागचा हूक वापरावा लागे. बकआय एकमेकांत अडकले की बाजूचे बफर आत सरकवलेले असत, स्क्रू कपलिंग असेल तिथे बाहेर काढलेले. मॉडेलमध्ये हे करून पाहा: मार्क १ च्या रेकमध्ये डब्यांमधले बफर आखूड, आणि इंजिनाकडच्या टोकाचे लांब. खर्च जवळजवळ नाही, आणि जाणकाराची नजर नेमकी तिथेच थबकते.

रंगांची कथा सगळ्यात गुंतागुंतीची, आणि चुका सगळ्यात जास्त होतात त्याही इथेच. १९४९ मध्ये कॉरिडॉर असलेल्या डब्यांसाठी किरमिजी आणि क्रीम ठरला. लोकांनी त्याला 'ब्लड अँड कस्टर्ड' म्हणायला सुरुवात केली आणि तेच नाव चिकटलं. बिनकॉरिडॉरचे लोकल डबे नुसते किरमिजी. १९५६ मध्ये हे बदलून मरून आला. सदर्न रीजनने (रीजन म्हणजे रेल्वेचा प्रादेशिक विभाग) आपला जुना हिरवा परत आणला, आणि वेस्टर्न रीजनने नावाच्या एक्स्प्रेस गाड्यांना जुना चॉकलेटी-क्रीम परत दिला. पण हुकूम निघाला म्हणजे डबे रातोरात रंगले असं झालं नाही. डबा वर्कशॉपला जाईल तेव्हाच त्याचा रंग बदलणार. १९५७-५८ च्या गाडीत किरमिजी-क्रीम आणि मरून डबे एकत्र असणं हेच त्या काळाचं खरं चित्र. मला विचाराल तर लेआउटसाठी १९५८ इतकं देखणं साल दुसरं नाही: नवी डिझेल इंजिनं नुकती येऊ लागलेली, वाफ अजून जोरात, आणि एकेका गाडीत दोन-दोन रंग.

याच सुमारास दारावरचा आकडाही बदलला. ३ जून १९५६ रोजी तिसरा वर्ग दुसरा झाला. जुना दुसरा वर्ग बंदराकडे जाणाऱ्या काही गाड्या सोडल्या तर कधीच नाहीसा झाला होता, म्हणून तोवर प्रवासी एक तर पहिल्यात नाही तर तिसऱ्यात. मरून डब्याच्या दारावर ठळक '३' दिसला तर काहीतरी चुकलंय असं समजावं. डब्याच्या नंबरातही इतिहास असतो. पुढचं अक्षर डबा कुठल्या रीजनकडे आहे ते सांगतं, आणि जुन्या कंपन्यांच्या डब्यांना मागे लागलेलं अक्षर तो मुळात कुणाचा ते सांगतं. 'ई' ने सुरू होऊन 'एम' ने संपणारा नंबर म्हणजे ईस्टर्न रीजनकडे गेलेला एलएमएसचा डबा.

जानेवारी १९५५ मध्ये आधुनिकीकरणाची योजना जाहीर झाली: १,२४० दशलक्ष पौंडांची, वाफ हटवण्याची. इंजिनं बदलायला लागली, पण डबे वाफेवर गरम होणारेच राहिले. तेव्हा डिझेल इंजिनातच डबे तापवण्यापुरता एक बॉयलर बसवावा लागला. त्या बॉयलरला पाणी लागतं, म्हणून १९५८ पासून आलेल्या इंग्लिश इलेक्ट्रिकच्या डी२०० मालिकेच्या इंजिनांना आणि नंतर डेल्टिक जातीच्या डिझेल इंजिनांनाही रुळांमधल्या पाण्याच्या चरांतून धावता-धावता पाणी उचलणारे स्कूप दिले गेले. डिझेल इंजिन वाफेच्या इंजिनासारखं चरातून पाणी उचलतंय, हे दृश्य मला या सगळ्या काळाचं सार वाटतं. मॉडेलकाराने यातून एवढं घ्यावं की डिझेलमागच्या रेकमध्येही डब्यांमध्ये वाफेच्या नळ्या दाखवायच्या.

जुने डबे इतके टिकले कसे, याचं उत्तर ब्रिटिश रेल्वेचे अध्यक्ष बीचिंग यांच्या मार्च १९६३ च्या अहवालात आहे. १९५९ च्या अखेरीस मुख्य गाड्यांसाठी साधारण १८,५०० कॉरिडॉर डबे होते. त्यांतले ६,००० वर्षभरात १८ पेक्षा जास्त वेळा लागत नव्हते, आणि त्यातलेही २,००० तर १० वेळासुद्धा जेमतेम. बाकीचे दिवस ते साइडिंगला उभे. उन्हाळ्यातल्या शनिवारी सगळं शहर समुद्राकडे निघालं की हे डबे बाहेर काढायचे. त्यामुळे रोजच्या एक्स्प्रेसला मार्क १ चा नीट रेक आणि शनिवारच्या जादा गाडीला तीन कंपन्यांचे उरलेसुरले डबे, असा फरक लेआउटवर दाखवला तर तो अगदी खरा. ही चैन बीचिंग यांना परवडणारी वाटली नाही आणि ते डबे झपाट्याने भंगारात गेले. १९६५ च्या लेआउटवर उन्हाळी शनिवारचा जुना रेक मी तरी ठेवणार नाही.

शाखामार्गांवर बदल आधी झाला. १९५४ पासून डिझेल मल्टिपल युनिट (वेगळं इंजिन न लागणाऱ्या डिझेल गाड्या) आले आणि टँक इंजिनामागचे दोन-तीन जुने डबे गेले. याउलट लंडनच्या किंग्ज क्रॉसवरून सुटणारे ग्रेस्लींचे चार-चार डब्यांचे जोडसंच, ज्यात शेजारचे डबे मधली बोगी वाटून घेतात आणि चार डब्यांना पाचच बोग्या पुरतात, साठच्या दशकाच्या मध्यापर्यंत टिकले. वाफेमागे धावले, मग डिझेलमागेही. (बोगी म्हणजे इथे डब्याखालची चाकांची चौकट, अख्खा डबा नव्हे.)

लांबीचं एक सांगायला हवं. ओओ मापात, म्हणजे एका फुटाला ४ मिमी, मार्क १ चा ६४ फूट ६ इंचाचा डबा २५८ मिमी होतो आणि ५७ फुटी डबा २२८ मिमी. जुन्या खेळण्यांतले बरेच डबे आखूड वळणांवर फिरावेत म्हणून कापलेले असत. आधी मोजून पाहावं. आखूड आणि पूर्ण लांबीचे डबे एका रेकमध्ये आले की कितीही सुंदर रंगवले तरी डोळ्याला खुपतात. वळणं घट्टच असतील तर माझी पसंती ५७ फुटी लोकल डब्यांना. ते खरोखरच आखूड होते.

१९६४ पासून मार्क १ चा वारस मार्क २ येऊ लागला आणि १९६५ मध्ये निळा-करडा रंग ठरला. म्हणजे निळ्या-करड्या डब्यांपुढे वाफेचं इंजिन ही चूक नाही. बोर्नमथच्या मार्गावर जुलै १९६७ पर्यंत वाफ होती आणि तिथे ते रोज दिसे. सदर्नला मिळालेले पहिले मार्क २ डबे तर हिरव्या रंगात आले.

आणि ग्रेस्लींचे बफे डबे. जेवणाचे डबे बांधणं महाग, म्हणून जुने चांगले असतील तर ते चालवत राहायचे, असं धोरण होतं. एलएनईआरच्या काळातले हे लाकडी बफे डबे किरमिजी-क्रीम झाले, मरून झाले, शेवटी निळे-करडे झाले आणि सत्तरच्या दशकातही डेल्टिकमागे धावत राहिले. सगळ्या रेकचं छत एका ओळीत, आणि मध्येच एका डब्याच्या टोकाला छत घुमटासारखं उतरलेलं.