पांढरी सहा, काळी पाच आणि पेंडेरेत्स्की

1980 च्या 'द शायनिंग' या भयपटात अंगावर काटा आणणारं जे समूहगान ऐकू येतं, त्यातले काही तुकडे ख्रिस्ताच्या पुनरुत्थानाच्या प्रार्थनेतले आहेत. 'यूत्रेन्या' ही ती रचना. ऑर्थोडॉक्स चर्चच्या ईस्टर उपासनेवर बेतलेली आणि जुन्या चर्च स्लाव्हॉनिक भाषेत गायली जाणारी. रचनाकार पोलंडचे क्शिश्तोफ पेंडेरेत्स्की (1933–2020). समाजमाध्यमांवर अशा संगीताखाली 'सैतानी सूर' हा शेरा हमखास सापडतो. 'मध्ययुगात चर्चने या स्वरांवर बंदीच घातली होती' अशी पुस्तीही कुणीतरी जोडतं. तशा बंदीचा एकही हुकूम इतिहासकारांना सापडलेला नाही. उलट यातल्या अनेक रचना ख्रिस्ती प्रार्थनांवरच बेतलेल्या आहेत. 30 मार्च 1966 रोजी जर्मनीतल्या म्युन्स्टरच्या कॅथीड्रलमध्ये पेंडेरेत्स्कींचं 'सेंट ल्यूक पॅशन', म्हणजे ल्यूकच्या शुभवर्तमानातली ख्रिस्ताच्या यातनांची आणि मृत्यूची संगीतकथा, पहिल्यांदा सादर झालं. त्यात तीन मिश्र गायनवृंद, मुलांचा वेगळा वृंद, एकल गायक, एक निवेदक आणि मोठा वाद्यवृंद आहे. पोलंडमध्ये तेव्हा साम्यवादी राजवट होती आणि तिथल्या ख्रिस्ती धर्माला त्याच वर्षी एक हजार वर्षं पूर्ण होत होती.

मग हे सूर कानाला का बोचतात? याचं उत्तर कानाच्या आत मिळतं, आणि मला ते या संगीताइतकंच विलक्षण वाटतं.

पेटीवर पांढरी सहा दाबा. मधल्या सप्तकात हा स्वर सेकंदाला 440 कंपनांचा, म्हणजे 440 हर्ट्झचा असतो. त्याच वेळी लगतची काळी पाच दाबली की 466 हर्ट्झचा स्वर त्यात मिसळतो. दोन्ही लहरी कधी एकमेकींना साथ देतात, कधी एकमेकींना मारतात. त्यामुळे आवाज सेकंदाला 466 वजा 440, म्हणजे 26 वेळा लहानमोठा होतो. हेच शाळेत शिकलेले विस्पंद. तंबोरा लावताना दोन जोडीच्या तारांमधला जो संथ हेलकावा ऐकून आपण तार जुळवतो, तोही विस्पंदच. तो सेकंदाला एक-दोन असतो, म्हणून मोजता येतो. सेकंदाला 26 झाले की हेलकावे वेगळे ऐकू येत नाहीत, एक खरखर तेवढी उरते. ही खरखर हेच बेसूरपणाचं मूळ, असं जर्मन शास्त्रज्ञ हर्मान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी 1863 मध्ये मांडलं होतं.

पण नुसत्या वजाबाकीने भागत नाही. अंतर्कर्णातल्या शंखाकृती नळीत सुमारे 35 मिलिमीटर लांबीचं एक पटल असतं. त्याचं एक टोक अरुंद आणि ताठ, दुसरं रुंद आणि सैल. उंच स्वरांनी ताठ टोकाजवळचा भाग हलतो, खालच्या स्वरांनी सैल टोकाजवळचा. ध्वनीची लहर पटलावरून सरकत जाते आणि आपापल्या जागी सर्वांत उंच उठते, हे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी दाखवलं. त्याबद्दल त्यांना 1961 चं नोबेल मिळालं. मात्र एका स्वराने हलणारी जागा म्हणजे एक बिंदू नसतो, तो एक पट्टा असतो. दोन स्वर लांब असले तर त्यांचे पट्टे वेगळे पडतात आणि मेंदूला दोन स्वच्छ स्वर मिळतात. जवळ असले तर पट्टे एकमेकांवर चढतात, पटलावरच्या, कंपनं टिपणाऱ्या त्याच रोमपेशी दोघांच्या ओढाताणीत सापडतात आणि खरखर जन्मते. मधल्या सप्तकात या पट्ट्याची रुंदी साधारण 100 हर्ट्झ भरते. पेंडेरेत्स्की 'पॅशन' लिहीत होते त्याच काळात, 1965 मध्ये, रेनियर प्लॉम्प आणि विलेम लेव्हेल्ट या डच संशोधकांनी दाखवलं की निव्वळ एकेकाच वारंवारतेच्या दोन स्वरांमधलं अंतर या पट्ट्याच्या सुमारे एक चतुर्थांश असतं, तेव्हा ते कानाला सर्वांत जास्त खुपतात. 100 चा चतुर्थांश 25, आणि पांढरी सहा व काळी पाच यांच्यात अंतर 26!

खर्जात हिशेब बदलतो. तिथेही पट्टा जवळपास तेवढाच रुंद राहतो, पण स्वरांमधली अंतरं आक्रसतात. 110 आणि 139 हर्ट्झ म्हणजे षड्ज आणि शुद्ध गंधार. मधल्या सप्तकात गोड लागणारी ही जोडी खाली 29 हर्ट्झच्या अंतरावर येऊन गढूळ होते.

आता एका सप्तकातले बाराही स्वर बारा गायकांना एकदम गायला सांगा. पेंडेरेत्स्कींच्या स्वरपुंजक्यांची मूळ कल्पना हीच. बारा स्वरांच्या जोड्या होतात 66, आणि शेजारच्या प्रत्येक जोडीची खरखर निराळ्या वेगाची. शिवाय मानवी आवाज स्थिर नसतो. कंपयुक्त गायनात तो सेकंदाला पाच-सहा वेळा वरखाली होतो, म्हणजे विस्पंदांचा वेगही सतत सरकत राहतो. एकाच पट्ट्यात असे अनेक सरकते घटक आले की त्यांच्या बेरजेची तीव्रता अनियमितपणे चढउतार करते आणि सुरांचा समूह गोंगाटाकडे झुकतो. दगडी कॅथीड्रलमध्ये त्यावर प्रतिध्वनीचे थर चढतात.

भीतीचं काय? 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं की माणसाच्या किंकाळीतही सेकंदाला 30 ते 150 वेळा होणारी अशीच खरखर असते आणि ती अमिग्डालाला, म्हणजे मेंदूतल्या भीतीशी निगडित भागाला चाळवते. पण 2016 च्या दुसऱ्या अभ्यासात बोलिव्हियातल्या चिमाने लोकांना पाश्चात्त्य कानाला सुरेल आणि बेसूर वाटणारे स्वरमेळ सारखेच आवडले. निव्वळ खरखर मात्र त्यांनाही नकोशी होती. म्हणजे खरखरीचा त्रास पुष्कळसा शरीराचा आहे, आणि स्वरमेळाची आवडनिवड बऱ्याच अंशी संस्कारांची. '528 हर्ट्झ ऐका, डीएनए दुरुस्त होईल' असं सांगणाऱ्या व्हिडिओंना यातल्या कशाचाही आधार नाही. एकट्या वारंवारतेत ना सैतान असतो ना औषध. कानात जे घडतं ते स्वरांच्या परस्परसंबंधामुळे घडतं.

पेंडेरेत्स्कींनी नेमका हाच संबंध हाताशी धरला. एवढ्या खरखरीतून गेलेलं 'पॅशन' अखेरीस एका लखलखीत ई मेजर स्वरमेळावर थांबतं. आपल्या भाषेत पांढरी तीनचे सा, ग, प. त्यांच्या वारंवारता 4:5:6 या प्रमाणात असतात. षड्जाचा पाचवा उपस्वर, म्हणजे त्याच्यासोबतच उमटणारा पाचपट वारंवारतेचा स्वर, गंधाराच्या चौथ्या उपस्वरावर येऊन बसतो, आणि पट्ट्यांची ओढाताण जवळपास थांबते. तंबोऱ्यातून उमटणारा स्वयंभू गंधार हा तोच पाचवा उपस्वर. पेटीतला गंधार या जागेपासून थोडा चढा असतो. 330 हर्ट्झच्या षड्जावर त्या दोन उपस्वरांत सुमारे 13 हर्ट्झची फट राहते. गळ्याला आणि व्हायोलिनला ती ऐकून भरून काढता येते.

ऐकायला सुरुवात करायची तर 'पॅशन'मध्ये समाविष्ट केलेल्या, 1962 च्या 'स्टाबात माटेर'पासून करावी. तीन गायनवृंद, वाद्य एकही नाही, आणि लांबी जेमतेम आठ-नऊ मिनिटं. क्रुसाखाली उभ्या असलेल्या मेरीचं हे स्तोत्र. अखेरचा स्वरमेळ डी मेजर, म्हणजे पांढरी दोनचा. शक्यतो हेडफोन लावून ऐका, कारण मोबाइलच्या स्पीकरमधून खर्जातले आवाज जवळजवळ येतच नाहीत.