अंतःप्रेरणेने ओळखणे वेगळे, टेलिपथी वेगळी

नाशिकमध्ये गंगापूर रोड किंवा इंदिरानगर भागातील प्राण्यांच्या दवाखान्याबाहेर थांबलेल्या पालकांच्या बोलण्यात ‘अ‍ॅनिमल कम्युनिकेटर’ हा शब्द आता सहज येतो. प्राण्याचा फोटो पाठवायचा, ठरलेले शुल्क भरायचे आणि तो प्राणी काय सांगतो आहे ते फोनवर ऐकायचे, असे या सेवेचे सर्वसाधारण स्वरूप असते. तिच्या जाहिरातींत ‘अंतःप्रेरणेने संवाद’ आणि ‘टेलिपथिक संवाद’ हे शब्दप्रयोग एकमेकांच्या जागी वापरले जातात, आणि ही सरमिसळ ऐकणाऱ्यांपैकी कोणालाही खटकत नाही. मला ती खटकते, कारण यांतील एक गोष्ट रोजच्या अनुभवातून आणि अभ्यासातून सिद्ध झालेली आहे, तर दुसरी अजून केवळ दावा आहे. आणि पहिलीची विश्वासार्हता दुसरीच्या खात्यावर जमा होत राहते.

अंतःप्रेरणेबद्दल फार सांगण्याची गरज नाही. घोटीच्या बाजारात डांगी बैलांची पारख करणारा इगतपुरीकडचा शेतकरी सकाळी गोठ्यात पाऊल टाकताच ‘आज याचं काही ठीक नाही’ असे म्हणतो आणि दुपारपर्यंत त्या बैलाला ताप चढतो, हे आपल्यापैकी अनेकांनी घरात पाहिलेले असते. रवंथ थांबलेला असतो, नाकपुड्यांवरचा ओलावा गेलेला असतो, कान किंचित ढिले पडलेले असतात. शेतकऱ्याने यांतील एकही गोष्ट मुद्दाम तपासलेली नसते, पण वर्षानुवर्षांच्या सहवासाने त्याच्या नजरेने त्या सगळ्या एकदम टिपलेल्या असतात आणि त्याच्या मनापर्यंत फक्त निष्कर्ष पोहोचतो.

टेलिपथीचा दावा याहून फार मोठा आहे. डोळे, कान, नाक, स्पर्श यांपैकी कशाचाही आधार न घेता एका मनातील आशय थेट दुसऱ्या मनात उतरतो, असे तिचे म्हणणे आहे. हा शब्द १८८२ मध्ये मानसिक घटनांचे अभ्यासक फ्रेडरिक मायर्स यांनी लंडनमध्ये रूढ केला, तो माणसामाणसांतील अशा संक्रमणासाठी. प्राण्यांशी तसा संवाद साधण्याचे शिक्षण देण्याची प्रथा अमेरिकेत १९७० च्या दशकापासून पसरली. संदेश शब्दांत येतो की चित्रांत, आधी ध्यान करावे लागते की नाही, सेवा विनामूल्य आहे की सशुल्क, या मुद्द्यांवर पुष्कळ चर्चा चालते, परंतु त्यांतील एकानेही या दोन गोष्टी वेगळ्या होत नाहीत, म्हणून ते मी येथेच सोडून देतो.

खरा घोळ होतो तो असा. अंतःप्रेरणेने कळले काय किंवा टेलिपथीने कळले असे मानले काय, कळण्याच्या क्षणी मनाला येणारा अनुभव अगदी एकसारखा असतो. काहीतरी एकाएकी उमगते, त्यामागची कारणे दिसत नाहीत, आणि ते बाहेरून आपल्यात आल्यासारखे वाटते. म्हणून ‘मला आतून स्पष्ट जाणवले’ हे वाक्य, बोलणाऱ्याच्या प्रामाणिकपणाबद्दल यत्किंचितही शंका न घेता, टेलिपथीचा पुरावा म्हणून स्वीकारता येत नाही. जाणवण्याची तीव्रता हा निकष नव्हेच. त्या वेळी माहिती येण्याचे कोणते मार्ग खुले होते, एवढाच प्रश्न विचारायचा असतो. प्राणी समोर असेल, त्याचा आवाज ऐकू येत असेल, त्याला ओळखणारे माणूस आपल्याशी बोलत असेल, तर इंद्रियांचा मार्ग खुला आहे, आणि तो खुला असेपर्यंत टेलिपथीचे नाव घेण्याचा अधिकार कोणालाही नाही.

हा मार्ग किती सूक्ष्म असू शकतो हे बर्लिनच्या हान्स नावाच्या घोड्याने शतकापूर्वीच दाखवून दिले. त्याचे मालक विल्हेल्म फॉन ओस्टेन हे निवृत्त शिक्षक होते. त्यांनी विचारलेल्या बेरीज-वजाबाक्यांची उत्तरे हान्स खूर आपटून देत असे. १९०४ मध्ये मानसशास्त्रज्ञ कार्ल श्टुम्फ यांच्या पुढाकाराने नेमलेल्या समितीला त्यात कोणतीही लबाडी आढळली नाही, आणि लबाडी खरोखरच नव्हती. त्यानंतर श्टुम्फ यांचे सहकारी ऑस्कर फुंग्स्ट यांनी दोन साध्या गोष्टी केल्या. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल अशी व्यवस्था केली, आणि काही वेळा विचारणारा घोड्याला दिसणार नाही असे पाहिले. दोन्ही परिस्थितींत हान्सची उत्तरे कोलमडली. योग्य आकड्यापाशी येताच विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर उचलले जाई आणि त्या खुणेवर घोडा थांबे, असे फुंग्स्ट यांनी १९०७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. ही खूण माहीत झाल्यावरही त्यांना स्वतःला ती पूर्णपणे आवरता येईना. या प्रसंगाची आठवण बहुतेक वेळा ‘घोड्याला गणित येत नव्हते’ एवढ्यापुरतीच काढली जाते, याचे मला वाईट वाटते. माणसाच्या शरीरातील केसभर बदल घोडा अचूक वाचत होता, हे त्यातील खरे मोल आहे. त्या अंगणातील सर्वांत मोठा अंतःप्रेरणावान जीव हान्सच होता.

म्हणून प्राणी ‘मन ओळखतात’ असे आपण म्हणतो तेव्हाही हाच निकष लावावा. माणसाला साधारण २० किलोहर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे ४५ आणि मांजराला ६० किलोहर्ट्‌झच्याही वरचे. आपल्या दृष्टीने शांत असलेल्या खोलीत त्यांच्यासाठी पुष्कळ काही घडत असते. बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०२२ मध्ये दाखवले की, माणूस ताणाखाली येण्यापूर्वीचे व नंतरचे घाम आणि श्वासाचे नमुने प्रशिक्षित कुत्री वासावरून वेगळे ओळखू शकतात. परीक्षेच्या आदल्या रात्री कुत्रा मुलाच्या पायाशी येऊन बसतो, तेव्हा त्याला काही कळलेले नसते असे मी मुळीच म्हणत नाही. त्याला खरोखरच कळलेले असते, आणि ते नाकाने कळलेले असण्याची शक्यता फार मोठी आहे. याने त्या नात्याची किंमत कमी होते असे ज्यांना वाटते, त्यांच्याशी माझा पूर्ण मतभेद आहे.

‘प्राणी तर समोर नव्हता, फक्त फोटो होता, मग इंद्रियांचा मार्ग कुठे उरला?’ असा आक्षेप येथे हमखास येतो. मार्ग उरतो, फक्त त्याची दिशा बदलते. फोनवर प्राण्याचा पालक असतो. तो कोणत्या वाक्यावर थांबतो, कोठे त्याचा आवाज भरून येतो, कोणत्या प्रश्नाला तो ‘हो हो, अगदी बरोबर’ म्हणून स्वतःच पुढची माहिती देतो, हे सर्व समोरच्या संवेदनशील व्यक्तीपर्यंत पोहोचत असते, कित्येकदा तिच्याही नकळत. ही अंतःप्रेरणा आहे, पण ती पालकाविषयीची आहे, प्राण्याविषयीची नव्हे. अमेरिकेतील व्हर्जिनियात ‘लेडी वंडर’ नावाच्या घोडीबाबत अतींद्रिय शक्तींचे अभ्यासक जे. बी. ऱ्हाइन यांनी १९२० च्या दशकात टेलिपथीचा निष्कर्ष काढला होता. पुढे मिलबर्न ख्रिस्तोफर या जादूगाराने कागदावर एक आकडा लिहिला आणि पेन्सिल मात्र दुसरा आकडा लिहावा तशी हलवली, तेव्हा घोडीने तो दुसरा आकडा दाखवला. पेन्सिलची हालचाल पाहत होती मालकीण, आणि मालकिणीकडे पाहत होती घोडी.

फोटोवरून होणारा संवाद तपासायचा असेल, तर फुंग्स्ट यांची रीत आजही पुरते. पालकाने कॉलवर नसावे. वेगवेगळ्या घरांतील पाच-सहा कुत्र्यांचे फोटो तिसऱ्या माणसाने नावे न देता पाठवावेत, प्रत्येकाबद्दल आलेले निवेदन लिहून घ्यावे आणि ती सारी निवेदने मिसळून पालकांपुढे ठेवावीत. आपल्या कुत्र्याचे निवेदन कोणते, हे त्यांनी ओळखावे. यात योगायोगाने जुळावे त्याहून स्पष्टपणे अधिक वेळा, आणि पुन्हा पुन्हा, जुळले तर मी टेलिपथीचा दावा गांभीर्याने ऐकेन. मालक घरी निघताच कुत्रा खिडकीत जाऊन बसतो, या प्रसिद्ध दाव्याची इंग्लंडमध्ये १९९० च्या दशकात अशीच चाचणी झाली. परतण्याची वेळ आयत्या वेळी यदृच्छेने ठरवली जाई. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड वाइजमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दावा टिकलेला दिसला नाही, तर तो दावा मांडणारे जीवशास्त्रज्ञ रूपर्ट शेल्ड्रेक यांनी त्याच नोंदींचा वेगळा अर्थ लावला. त्यांचा वाद मिटला नाही, पण मार्ग बंद करूनच तपासायचे, याबद्दल दोघांचेही एकमत होते, आणि आपल्याकडे नेमकी हीच पायरी गाळली जाते.

या चर्चेत पतंजलींचा आधार फार सैलपणे घेतला जातो. योगसूत्रांच्या विभूतिपादात, म्हणजे तिसऱ्या भागात, प्रचलित क्रमानुसार सतराव्या सूत्रात सर्व प्राण्यांच्या ध्वनींचे ज्ञान सांगितले आहे आणि एकोणिसाव्यात दुसऱ्याच्या चित्ताचे. म्हणजे ज्या ग्रंथाचा हवाला दिला जातो, त्यानेच ध्वनी समजणे आणि चित्त जाणणे या दोन गोष्टी स्वतंत्र ठेवल्या आहेत. शिवाय दोन्ही सिद्धी ‘संयमा’च्या, म्हणजे धारणा, ध्यान आणि समाधी यांच्या एकत्रित, दीर्घ साधनेचे फल म्हणून येतात, शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचे नव्हे. पैठणला ज्ञानदेवांनी रेड्यामुखी वेद वदवले, ही कथाही या वादात पुरावा म्हणून आणू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. भूतमात्रांच्या ठायी एकच चैतन्य आहे, हे सांगणाऱ्या कथेला सेवेच्या जाहिरातीत बसवणे मला अशोभनीय वाटते.

हा भेद केवळ शास्त्रार्थापुरता असता, तर मी एवढे लिहिले नसते. बोका त्याच्या शौचाच्या ट्रेबाहेर लघवी करू लागला, वारंवार बसून कुंथू लागला, की ‘घरात बाळ आल्यामुळे तो दुखावला आहे’ असे फोटोवरून सांगितले जाते आणि पालकाला ते पटते. बोक्याचा मूत्रमार्ग बंद झालेला असेल, तर एक-दोन दिवसांतच त्याच्या जिवावर बेतते. हाताखालच्या बोक्याकडे नीट पाहणाऱ्याला मात्र इंद्रियांच्या मार्गानेच पुष्कळ कळू शकते. माँट्रियल विद्यापीठातील पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये मांजराच्या वेदना चेहऱ्यावरून मोजण्याची पद्धत मांडली. कानांची ठेवण, डोळ्यांभोवतीचा ताण, मुस्कटाचा ताण, मिशांची दिशा आणि डोक्याची पातळी, एवढ्या पाचच गोष्टी त्यात पाहायच्या असतात. अंतःप्रेरणा अशी शिकता येते, दुरुस्त करता येते. शेतकऱ्याचा अंदाज दुपारी बैलाला ताप आला की नाही यावर तपासला जातो, म्हणूनच तो पुढच्या वेळी अधिक अचूक होतो. ज्या निवेदनाची चूक कधी उघडच पडत नाही, ते सांगणाऱ्याचे कौशल्य वाढणार तरी कसे?

दिवाळीच्या फटाक्यांनी बिथरून पळालेल्या कुत्र्याबाबत हे सर्वांत तीव्रतेने जाणवते. ‘तो पाण्याजवळ आहे, देवळाचा परिसर दिसतो आहे’ असे सांगितले जाते, आणि नाशिकमध्ये हे वर्णन रामकुंडापासून तपोवनापर्यंत आणि सोमेश्वरपर्यंत कोठेही लागू पडते. व्याकूळ झालेले घर मग रात्रभर गोदाकाठ पालथा घालते. घाबरलेला कुत्रा बऱ्याचदा घराजवळच, उभ्या गाडीखाली, बांधकामाच्या आडोशाला किंवा नाल्यात दडून बसलेला असतो आणि हाक मारली तरी बाहेर येत नाही. म्हणून पहिले तास आपल्याच गल्लीत, टॉर्च घेऊन, वाकून, खाली पाहत घालवावेत. पहाटे वर्दळ सुरू होण्याआधी पुन्हा एक फेरी मारावी. रात्रपाळीचे पहारेकरी, दूधवाले आणि पेपरवाले यांना फोटो दाखवावा. आणि घरातल्या ज्या माणसाच्या मागे तो कुत्रा एरवी फिरतो, त्याचा वापरलेला कपडा दाराबाहेर ठेवावा.