इंचांतून सुटका: सहसंबंध गुणांकाची पार्श्वभूमी

सहसंबंध, म्हणजे दोन गोष्टी एकमेकींसोबत किती बदलतात ते, शिकवताना बहुतेक वेळा सूत्रच आधी फळ्यावर येतं. दोन्ही चलांची (म्हणजे मोजलेल्या राशींची) सरासरीपासूनची विचलनं काढा, जोडीजोडीने गुणा, गुणाकारांची सरासरी घ्या आणि दोन्ही प्रमाण विचलनांनी (म्हणजे किमती सरासरीभोवती किती पसरल्या आहेत, त्या मापांनी) भागा. उत्तर −१ ते +१ यांच्या दरम्यान येतं. गणित सुटतं, पण शेवटी भागायचं कशासाठी, हे अनेकांना कळलेलंच नसतं. खरं तर सगळी कल्पना त्या भागाकारातच आहे आणि ती सुचायला फ्रान्सिस गॉल्टनला दहा-बारा वर्षं लागली.

गॉल्टन हा चार्ल्स डार्विनचा नातलग. त्याला ध्यास होता आनुवंशिकतेचा. १८७५ मध्ये त्याने ‘स्वीट पी’ या फुलवेलीच्या बिया वेगवेगळ्या आकारांप्रमाणे निवडून मित्रांकडे पेरायला दिल्या. मोठ्या बियांपासून आलेल्या बिया सरासरीहून मोठ्या होत्या, पण आधीच्या पिढीइतक्या नव्हत्या. १८८६ मध्ये त्याने माणसांच्या उंचीबद्दल हेच दाखवलं. २०५ जोडपी आणि त्यांची ९२८ प्रौढ मुलं. आईवडिलांची एकत्रित उंची सरासरीपासून जितकी दूर, त्याच्या साधारण दोन तृतीयांश अंतरावर मुलांची सरासरी उंची. सरासरीकडे या परतण्याला त्याने रिग्रेशन म्हटलं. पाठ्यपुस्तकांतलं समाश्रयण ते हेच.

इथवर तुलना उंचीची उंचीशीच होती. पेच पडला तो एकाच माणसाच्या दोन अवयवांचा. जीवशास्त्रात अवयवांच्या सहसंबंधाची भाषा आधीपासून होती, पण तो किती, हे कोणी मोजत नव्हतं. आपल्या लंडनच्या प्रयोगशाळेत मोजलेल्या सुमारे ३५० पुरुषांची मापं गॉल्टनने समोर मांडली. त्यांतलं एक माप उंचीचं, तर दुसरं कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतचं, म्हणजे जुन्या मोजमापातला 'हात'.

आता आकडे पाहू. ज्यांचा हात मध्यकापेक्षा एक इंच लांब, ते उंचीने सरासरी २.५ इंच जास्त भरतात. उलट बाजूने, उंची एक इंच जास्त असेल तर हात सरासरी फक्त ०.२६ इंच जास्त. नातं एकच आणि आकडे दोन, तेही इतके वेगळे! कारण उंचीचा एक इंच आणि हाताचा एक इंच यांचं वजन सारखं नाही. उंचीचा पसारा मोठा, चतुर्थक विचलन (मधल्या निम्म्या मापांच्या पसाऱ्याचं अर्धं) १.७५ इंच. हाताचं ०.५६ इंचच. गॉल्टनने प्रत्येक विचलन त्या त्या अवयवाच्या पसाऱ्याने भागलं. इंच गळून पडले आणि दोन्ही बाजूंनी आकडा आला ०.८. डिसेंबर १८८८ मध्ये हा निबंध रॉयल सोसायटीपुढे आला. सूत्राआधी हे दोन आकडे विद्यार्थ्यांना दाखवावेत, असं मला मनापासून वाटतं.

ऑगस्ट ब्राव्हे या फ्रेंच अभ्यासकाने १८४६ मध्येच निरीक्षणातल्या चुकांचं गणित मांडताना दोन चलांच्या गुणाकाराचं पद लिहिलं होतं. पण दोन गोष्टी एकमेकींशी किती बांधलेल्या आहेत, हा प्रश्न त्याने विचारलाच नव्हता. १८९६ मध्ये आजचं गुणाकाराचं सूत्र पक्कं करताना इंग्रज संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सनने ब्राव्हेला श्रेय दिलं आणि १९२० मध्ये ते मागे घेतलं. मला त्याचा दुसरा निर्णय पटतो. मधल्या काळात, १८९२ मध्ये, एजवर्थ या अर्थशास्त्रज्ञाने 'सहसंबंध गुणांक' हे नाव दिलं होतं.

या इतिहासातली एक गोष्ट झाकून चालणार नाही. गॉल्टन आणि पिअर्सन दोघेही सुप्रजननवादाचे कट्टर पुरस्कर्ते होते. माणसांची लायक आणि नालायक अशी वर्गवारी करण्याच्या त्या विचाराने पुढे फार माणसांचं नुकसान केलं. गुणांकाचं गणित त्याने खोटं ठरत नाही, पण हे मोजमाप कोणत्या हेतूने सुरू झालं, ते माहीत असायलाच हवं.

१८८८ च्या निबंधात गॉल्टनने लिहिलं होतं की दोन अवयव एकत्र बदलतात, कारण त्यांच्या बदलांमागे काही कारणं सामाईक असतात. म्हणजे एक अवयव दुसऱ्याचं कारण आहे, असं त्याचं म्हणणंच नव्हतं. पुढे सामाईक कारणाशिवायही गुणांक मोठा येऊ शकतो, हे यूल या संख्याशास्त्रज्ञाने १९२६ मध्ये दाखवलं. १८६६ ते १९११ या काळात इंग्लंड-वेल्समध्ये एकूण लग्नांतलं चर्च ऑफ इंग्लंडमधल्या लग्नांचं प्रमाण घटत गेलं आणि मृत्युदरही घटत गेला. दोन्हींचा गुणांक ०.९५१२! वर्षानुवर्षं एकाच दिशेने सरकणाऱ्या कुठल्याही दोन मालिका अशा फसवू शकतात.

आणि आकृती न काढता गुणांक काढणाऱ्यांसाठी अॅन्स्कोम या संख्याशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये चार छोटे संच रचले. प्रत्येकात अकरा बिंदू, चारही गुणांक जवळपास ०.८१६. एका संचात बिंदू सरळ रेषेभोवती विखुरलेले, दुसऱ्यात स्वच्छ वक्र, तिसऱ्यात सरळ रेषेवरून एकच बिंदू सुटलेला. चौथ्यात दहा बिंदूंसाठी पहिल्या चलाची किंमत ८ च आहे आणि अकराव्यासाठी १९. तो अकरावा बिंदू झाकला की पहिल्या चलाचं प्रमाण विचलन शून्य होतं, आणि भागायलाच काही उरत नाही.