कड्यांवरील नव्या वनस्पतिजातींचा शोध आणि वर्णन

उभ्या कातळावर, त्याच्या भेगांत किंवा दोन कड्यांमधल्या अरुंद पदरावर वाढणाऱ्या, शास्त्राला अजून माहीत नसलेल्या सपुष्प वनस्पती हुडकणे, त्या खरोखर नव्या आहेत का हे पडताळणे आणि नियमांनुसार त्यांचे वर्णन करून नाव देणे, हे वर्गीकरणशास्त्रातले एक जिकिरीचे काम आहे. पुणे हे या कामाचे जुने केंद्र. जुन्नरपासून भोरपर्यंतचा घाटमाथा शहरापासून एका दिवसाच्या पल्ल्यात, आणि सुकवलेले नमुने ताडून पाहायला लागणारी हर्बेरियम शहरातच, असा योग फार थोड्या ठिकाणी जुळतो.

शब्दांबद्दल आधीच सांगितलेले बरे. वर्तमानपत्रे नव्या जातीला सर्रास ‘प्रजाती’ म्हणतात. जुन्या मराठी शास्त्रीय लेखनात प्रजाती हा शब्द जातींच्या गटासाठी, म्हणजे जीनससाठी वापरलेला दिसतो. या नोंदीत स्पीशीजला ‘जाती’ आणि जीनसला ‘वंश’ म्हटले आहे.

कडा

पुण्याच्या पश्चिमेचा सह्याद्री सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा बनला आहे. टणक थर उभा तुटतो आणि त्याचा कडा होतो; मऊ थर झिजतो आणि त्याचा पदर होतो. दोन थरांच्या सांध्यातून पावसाळ्यात पाणी पाझरते, आणि बहुतेक कडेवासी झाडे त्या पाझराच्या रेघेवर ओळीने उगवतात. नाणेघाट, जीवधन, ढाकोबा, नागफणी किंवा तैलबैला समोरून पाहताना हिरवे पट्टे आडवे दिसतात ते यामुळे.

इथले हवामान दोन टोकांचे. जून ते सप्टेंबर धुके आणि पाण्याची धार, नंतर सात-आठ महिने तापलेला कातळ. तगण्याच्या रीतीही तशाच ठरलेल्या. कुणी कंद करून जमिनीत दडते, कुणी मांसल खोडात पाणी साठवते, तर ट्रायपोगॉनसारखी गवते वाळून पार कुरकुरीत होतात आणि पहिल्या सरीनंतर तीच पाने पुन्हा हिरवी होतात. वणवा, गुरे आणि कोयता इथे सहसा पोचत नाहीत. वनस्पतितज्ज्ञही पोचत नाही, आणि नव्या जाती अजून सापडत राहण्यामागे हे कारण मोठे आहे. जुन्या संग्राहकांच्या चिठ्ठ्या वाचल्या तर घाटवाटा, गडांचे दरवाजे आणि गिरिस्थाने हीच ठिकाणे फिरून फिरून येतात.

जुन्नरचे उदाहरण

पुणे जिल्ह्याने शास्त्राला दिलेली सर्वांत प्रसिद्ध कडेवासी वनस्पती म्हणजे शिंदळ माकुडी. जुन्नरजवळच्या डोंगरातून मिळालेल्या नमुन्यावरून मुंबई इलाख्याचे वनाधिकारी निकोल डॅलझेल यांनी 1860च्या दशकात तिच्यासाठी स्वतंत्र वंश निर्माण केला आणि तेव्हाचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला ‘फ्रेरिया इंडिका’ म्हटले. तिच्या जवळच्या नातलगांना पाने जवळजवळ नसतातच, नुसती मांसल खोडे असतात. हिला मात्र चांगली रुंद, जाड पाने येतात आणि उन्हाळ्यात ती गळतात. स्वतंत्र वंशाचा दावा बराचसा या पानांवर उभा होता. फूल साधारण रुपयाच्या नाण्याएवढे, गडद किरमिजी, पंचकोनी चांदणीसारखे, वर पिवळे ठिपके. वास मात्र नाक धरायला लावणारा, कारण आमंत्रण माश्यांना असते.

पुढे हा दावा टिकला नाही. 1958मध्ये तिला कॅरालुमा वंशात हलवले. तिथे ‘इंडिका’ हे नाव आधीच दुसऱ्या जातीने घेतलेले होते, म्हणून तिचे ‘फ्रेरी’ झाले. त्यानंतर बौसेरोसिया, आणि 2017मध्ये सारा गटच कंदीलपुष्पांच्या सेरोपेजिया वंशात ओढण्याचा प्रस्ताव आला. झाड होते तिथेच कपारीत आहे, नावे बदलत राहिली. आणखी एक गंमत: कड्यावर दुर्मीळ असलेली ही वनस्पती काडी लावली की सहज रुजते, त्यामुळे परदेशी हौशी लोकांच्या कुंड्यांत ती चांगली रुळली आहे.

सेरोपेजियाच्या मूळ जाती, म्हणजे खरपुडी किंवा कंदीलपुष्पे, सह्याद्रीतल्या नव्या जातींच्या यादीत वारंवार दिसतात. 1960–70च्या सुमारास पुण्याच्या वनस्पतितज्ज्ञांनी वर्णिलेल्या सेरोपेजिया रोली, सेरोपेजिया महाबळेई आणि सेरोपेजिया सह्याद्रिका या त्यांतल्याच. यांचे कंद खातात, त्यामुळे गावातल्या जाणत्यांना झाड ‘नवे’ मुळीच नसते. वाट दाखवणारा महादेव कोळी गडी ज्याला नुसते खरपुडी म्हणतो, त्यात शास्त्राच्या दृष्टीने दोन-तीन जाती निघू शकतात.

कड्यावर एक तास, टेबलावर दोन वर्षे

पहिली चाहूल बरेचदा एखाद्या भटक्याने काढलेल्या फोटोतून लागते. पण फोटोवर जाती ठरत नाही. सपुष्प वनस्पतीच्या नव्या नावासाठी 2007पासून प्रत्यक्ष नमुनाच आधार म्हणून लागतो. तेव्हा ऐन ऑगस्टमध्ये, शेवाळलेल्या कातळावर दोर लावून किंवा बांबूला आकडा बांधून फांदी काढावी लागते. झाडे मोजकीच असतील तर फुलांची एक फांदी घेऊन कंद जागीच ठेवायचा, हा साधा विवेक आहे. सगळे तो पाळतातच असे नाही. वनक्षेत्रात वनखात्याची परवानगी लागते. काही फुले अल्कोहोलमध्ये जातात, उरलेला नमुना वर्तमानपत्राच्या घडीत दाबला जातो. पावसाळ्यात हे कागद रोज बदलले नाहीत तर दोन दिवसांत बुरशी धरते आणि सगळी चढाई वाया जाते. सुकलेला नमुना 42 गुणिले 28 सेंटीमीटरच्या जाड कागदावर चिकटवतात, कोपऱ्यात चिठ्ठी लावतात: ठिकाण, उंची, तारीख, संग्राहक, क्रमांक, आणि सुकल्यावर उडून जाणारा फुलाचा रंग.

खरे काम यानंतर सुरू होते. खरपुडीचे उदाहरण घ्या. कागदावर चपटे झालेले फूल उकळत्या पाण्यात टाकले की मिनिटाभरात फुगून मऊ होते. मग सूक्ष्मदर्शकाखाली सुईने त्याची नळी उभी चिरायची. आत खाली वळलेल्या केसांची रांग दिसते. माशी आत घसरते, केस वाळेपर्यंत अडकते आणि सुटताना परागपुंज (परागकणांच्या गोळ्या) सोंडेला लावून नेते. नळीच्या तळाशी दोन फेऱ्यांचा मुकुट असतो. आतल्या फेरीची टोके सरळ की वाकलेली, बाहेरच्या फेरीला केस आहेत की नाहीत, परागपुंज किती लांब, अशा बाबींवर जाती ठरते. पाने फार विश्वासाची नसतात: सावलीतले झाड आणि उन्हातले झाड पानांवरून दोन जाती वाटू शकतात.

मग ताडून पाहणे. कोरेगाव पार्कातल्या भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात (स्थापना 1955) आणि 1946मध्ये महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी म्हणून सुरू झालेल्या आघारकर संशोधन संस्थेत या भागातले जुने नमुने आहेत. थिओडोर कुक यांनी 1901 ते 1908 या काळात प्रसिद्ध केलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ अजूनही आधी उघडला जातो. कुक पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य होते. मूळ प्रमाण-नमुना, म्हणजे जातीचे नाव ज्या नमुन्यावर आधारलेले असते तो, लंडनमधल्या क्यू उद्यानाच्या किंवा एडिनबरोच्या हर्बेरियममध्ये असेल तर आता त्याची प्रतिमा पडद्यावर पाहता येते. अनेक ‘नव्या’ जाती इथेच मरतात, कारण शंभर वर्षांपूर्वी कुणीतरी त्यांना नाव देऊन ठेवलेले असते. उलटही घडते. हबर्डिया हे गवत 1919मध्ये गिरसप्पा धबधब्याच्या ओल्या कातळावरून गोळा झाले आणि त्याला नाव मिळाले 1951मध्ये, कागदावरच्या नमुन्यावरून. पुढे ते नामशेष झाले असे मानले गेले आणि 2000नंतर कोल्हापूर जिल्ह्यातल्या तिलारी भागात पुन्हा सापडले.

डीएनएची जोड आता बहुतेक शोधनिबंधांत असते. ती नाते सांगते, पण वर्णनाची जागा घेत नाही.

नियम आणि नाव

वनस्पतींच्या नामकरणाच्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार 1935 ते 2011 लॅटिन वर्णन किंवा निदान (जवळच्या जातींहून वेगळेपण सांगणारा मजकूर) सक्तीचे होते. 2012पासून इंग्रजीही चालते आणि निव्वळ ऑनलाइन प्रकाशनही. 1958पासून प्रमाण-नमुना निश्चित करणे आणि 1990पासून तो कोणत्या हर्बेरियममध्ये आहे हे छापणे बंधनकारक आहे. भारतात जैवविविधता कायदा, 2002 नुसार नव्या जातीची माहिती ठरवून दिलेल्या भांडारसंस्थेला कळवून नमुना तिथे जमा करावा लागतो.

नाव ठिकाणावरून, गुणावरून किंवा माणसावरून देतात. स्वतःचे नाव द्यायला नियमाची आडकाठी नाही, लाज आड येते. कडेकपारीत फुलणारी सोनघंटा 1894मध्ये ‘अब्युटिलॉन रानडेई’ झाली, ती पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये हर्बेरियम सांभाळणाऱ्या एन. बी. रानडे यांच्यावरून. साहेबांच्या नावांच्या गर्दीत हे एक मराठी आडनाव उठून दिसते.

दुर्मीळ की दुर्गम

नव्या जातीच्या वर्णनाबरोबर तिच्या धोक्याची पातळीही सुचवतात. पूर्ण वाढलेली झाडे 50हून कमी असतील तर जागतिक निकषांनुसार जाती ‘अतिसंकटग्रस्त’ ठरते. कड्याच्या बाबतीत हा आकडा निसरडा असतो. हाताला लागलेली 30 झाडे मोजली जातात. त्याच कातळावर 200 फूट खाली दुर्बिणीतून हिरवा ठिपका म्हणून दिसणारी सोडून दिली जातात. हवाईतल्या काउआई बेटावर 2019मध्ये ड्रोन उडवून नामशेष मानलेले हिबिस्काडेल्फस वूडी उभ्या कड्यावर शोधून काढले. सह्याद्रीत अडचण वेगळी आहे: फुले असतात तेव्हा दरीतून वर येणारा वारा आणि धुके काही दिसू देत नाहीत, आणि ऑक्टोबरात आकाश मोकळे होईपर्यंत खरपुडीच्या वेली वाळून कातळाच्या रंगाच्या झालेल्या असतात.