प्रवेश शुल्क आणि सुविधा शुल्क : अमेरिकेच्या सार्वजनिक जमिनीवर पैसे नेमके कशाचे?

यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या दाराशी मोटार थांबते, खिडकीतला गणवेशातला कर्मचारी ३५ डॉलर घेतो, पावती हातात देतो आणि मोटार सात दिवसांसाठी आत जाते. पश्चिमेकडच्या एखाद्या राष्ट्रीय वनात मात्र दार नसते आणि पैसे घ्यायला माणूसही नसतो. पायवाट सुरू होते तिथे जमिनीत रोवलेले एक जाड लोखंडी नळकांडे असते. शेजारच्या खोक्यातले पाकीट घ्यायचे, त्यावर तारीख आणि गाडीचा क्रमांक लिहायचा, आत पाच डॉलर घालून ते फटीतून खाली सोडायचे आणि फाडून घेतलेली पावतीची पट्टी काचेआड, बाहेरून वाचता येईल अशी ठेवायची. दोन्हीकडे खिशातून पैसे गेले, दोन्ही जागा सरकारी मालकीच्या, आणि रहिवाशांना ८० डॉलरला मिळणारा वार्षिक पास दोन्हीकडे चालतो. त्यामुळे अमेरिकेत राहणारे आपले लोकही या दोन्ही रकमांना सरसकट ‘तिकीट’ म्हणतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांतला फरक माहीत नसेल, तर जिथे एक पैसाही देणे लागत नाही तिथे माणूस पैसे देतो, किंवा पैसे नाहीत म्हणून जंगलाच्या तोंडाशी येऊन परत फिरतो.

दोन्ही शुल्कांचा आधार २००४ सालचा एकच संघीय कायदा आहे. त्यातले पहिले, म्हणजे प्रवेश शुल्क, आकारण्याचा अधिकार राष्ट्रीय उद्यान सेवा आणि मत्स्य व वन्यजीव सेवा या दोनच संस्थांना आहे. हे शुल्क उंबरठा ओलांडण्याचे असते. तुम्ही आत जाऊन शौचालय वापरले की नाही, बाकावर बसलात की नाही, याचा हिशेब इथे होत नाही. यलोस्टोनला पायी येणाऱ्यालाही माणशी २० डॉलर द्यावे लागतात, कारण दर वाहनागणिक वेगळा असला तरी आकारणी हद्दीच्या आत येण्याची आहे. ही पद्धत जुनी आहे. माउंट रेनियर उद्यानाने मोटारींना पैसे घेऊन आत सोडायला १९०८ मध्येच सुरुवात केली होती. तरीही उद्यान सेवेच्या चारशेहून अधिक स्थळांपैकी बहुसंख्य ठिकाणी आजही प्रवेश विनामूल्य आहे.

दुसरे, म्हणजे सुविधा शुल्क, हे वन सेवा, ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट (मोकळ्या सरकारी जमिनी सांभाळणारी संस्था) आणि ब्युरो ऑफ रेक्लमेशन (धरणे व जलाशय सांभाळणारी संस्था) यांच्या ताब्यातील जमिनींसाठी आहे. या संस्थांना प्रवेश शुल्क घेण्याचा अधिकारच नाही, आणि सगळी मेख इथे आहे. काही खास दर्जाची क्षेत्रे आणि मोठी अभ्यागत केंद्रे वगळली, तर शुल्क लावण्यापूर्वी त्या जागी सहा गोष्टी असाव्या लागतात : आखलेला वाहनतळ, कायमस्वरूपी शौचालय, कायमस्वरूपी कचराकुंडी, माहितीफलक, सहलीची टेबले आणि सुरक्षेची व्यवस्था. यांतली एक जरी नसली तरी शुल्काचा पाया जातो. शिवाय कायद्याने मनाईची वेगळी यादी दिली आहे. केवळ गाडी उभी करण्याबद्दल, रस्त्याकडेला किंवा पायवाटेकडेला बसून डबा खाण्याबद्दल, सुविधा न वापरता त्या भागातून चालत, घोड्यावरून, नावेतून किंवा मोटारीने पुढे जाण्याबद्दल, सुविधा नसलेल्या मोकळ्या जागी तंबू ठोकण्याबद्दल, अथवा वळणावर थांबून दरीकडे पाहण्याबद्दल हे शुल्क घेता येत नाही.

इतकी तपशीलवार मनाई कायद्यात येण्यामागे आधीच्या आठ वर्षांचा अनुभव आहे. १९९६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, प्रायोगिक शुल्क योजना मंजूर केली आणि जमलेल्या पैशांतला किमान ८० टक्के वाटा स्थळांच्या देखभालीसाठी संस्थांच्याच हाती ठेवण्याची मुभा दिली. नादुरुस्त पायवाटा आणि गळकी शौचालये यांच्यासाठी हा आधार खराच मोलाचा होता. मात्र जमवलेला पैसा आपल्याकडेच राहणार म्हटल्यावर जास्तीत जास्त जमीन शुल्काखाली आणण्याचा मोहही वाढला. दक्षिण कॅलिफोर्नियातील चार राष्ट्रीय वनांत ‘ॲडव्हेंचर पास’ लागू झाला आणि वनात कुठेही गाडी लावून डोंगर चढणाऱ्याकडूनही तो मागितला जाऊ लागला. ज्या जमिनीच्या राखणीसाठी आपण कर भरतो तिच्यावर पाऊल ठेवण्याचे पुन्हा पैसे का, हा तिथल्या लोकांचा प्रश्न मला पूर्णपणे रास्त वाटतो.

नवा कायदा आल्यावरही जुनी सवय सुटली नाही. ॲरिझोनात टूसॉन शहराजवळ माउंट लेमन नावाचा पर्वत आहे. तिथे वन सेवा गाडी लावून चालायला जाणाऱ्यांकडूनही शुल्क घेत राहिली. काही नागरिक न्यायालयात गेले आणि २०१२ मध्ये नवव्या विभागाच्या संघीय अपील न्यायालयाने निकाल त्यांच्या बाजूने दिला. सुविधा न वापरता केवळ गाडी लावून चालणाऱ्याकडून, पायवाटेशी डबा खाणाऱ्याकडून किंवा मोकळ्या रानात मुक्काम करणाऱ्याकडून पैसे घेता येणार नाहीत, कारण कायद्याची भाषा स्वच्छ आहे, असे न्यायालयाने म्हटले. शौचालय बांधले म्हणून त्याच्या अवतीभवतीचा अख्खा डोंगर ‘सुविधा’ होत नाही, असा त्याचा साधा अर्थ मी लावतो, आणि कायदा माणसाच्या पायांच्या बाजूने उभा राहिल्याचे समाधान मला या निकालात वाटते.

दोहोंच्या मधली एक जागा ग्रेट स्मोकी माउंटन्स उद्यानात दिसते. दर वर्षी १ कोटीहून अधिक भेटी होणाऱ्या या उद्यानात प्रवेश शुल्क नाही, कारण टेनेसी राज्याने उद्यानातून जाणारा मुख्य रस्ता संघराज्याकडे सोपवताना त्यावर कधीही पथकर लावायचा नाही अशी अट घातली होती. मार्च २०२३ पासून तिथे पंधरा मिनिटांहून अधिक वेळ गाडी उभी करणाऱ्याला मात्र पार्किंगचे टॅग घ्यावे लागते : दिवसाचे ५ डॉलर, आठवड्याचे १५, वर्षाचे ४०. दोन्ही शुल्कांना चालणारा वार्षिक पास या टॅगऐवजी चालत नाही. पास काचेला लावून निर्धास्त झालेले पाहुणे नेमके इथे फसतात. तंबूची आखीव जागा, भाड्याची खोली यांचे दर आणखी वेगळे. तेही पासात येत नाहीत.

मुलाकडे किंवा मुलीकडे सुटीसाठी जाणाऱ्या आपल्याकडच्या आईवडिलांना हा फरक आता अधिकच भोवणार आहे. १ जानेवारी २०२६ पासून यलोस्टोन, ग्रँड कॅन्यन, योसेमिटी यांसह अकरा उद्यानांत, वार्षिक पास नसलेल्या सोळा वर्षांच्या व त्यावरील परदेशी पाहुण्याला नेहमीच्या प्रवेश शुल्काखेरीज माणशी १०० डॉलर जादा द्यावे लागतात, आणि परदेशी पाहुण्यांसाठीचा वार्षिक पास २५० डॉलरला आहे. ही १०० डॉलरची जादा आकारणी त्या अकरा उद्यानांच्या प्रवेशापुरती आहे. त्याच उद्यानांच्या हद्दीला लागून पुष्कळदा राष्ट्रीय वने पसरलेली असतात, डोंगररांगही पुष्कळदा तीच असते, आणि तिथे रस्त्याकडेला गाडी लावून देवदारांखालून दिवसभर चालत राहिले तरी नळकांड्यात पाकीट टाकावे लागत नाही.