निहाली: मुंडा, द्राविडी की वेगळीच?

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, जळगाव जामोद तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी, बाजाराच्या दिवशी वऱ्हाडी, कोरकू आणि हिंदी अशी सरमिसळ कानावर पडते. याच भागातल्या मोजक्या गावांत, आणि डोंगरापलीकडे बऱ्हाणपूरकडे, साधारण दोन-अडीच हजार माणसं घरी निहाली बोलतात. भाषाकुळांचा विषय निघाला की या भाषेचं नाव येतंच, आणि बहुतेक वेळा कुणीतरी ‘ती चोरांची सांकेतिक भाषा होती’ असं ठोकून देतं. हे विधान आलं कुठून, ते नीट सांगायला हवं.

जुना काळ थोडक्यात. ब्रिटिश अमदानीतल्या भाषा-सर्वेक्षणाच्या १९०६ सालच्या खंडात ही भाषा कोरकूच्या शेजारी, म्हणजे संथाली-मुंडारी ज्यात येतात त्या मुंडा कुळात, बसवली गेली. मूळ मुंडा, वरून द्राविडी थर आणि आता आर्य भाषांचं आक्रमण, असा तिथला निष्कर्ष. नमुने निमाडातले होते आणि ते गोळा करणारे बहुतांशी स्थानिक अधिकारी होते. उच्चारांच्या नोंदी कानाला जमल्या तशा घेतल्या गेल्या. पुढची पन्नासेक वर्षं वर्गीकरण तेच राहिलं.

नावाचा घोळही तेव्हापासूनचा. ‘नाहाल’ किंवा ‘निहाल’ हे समाजाचं नाव. स्वतःला निहाल म्हणवणारे सगळेच ही भाषा बोलत नाहीत, पुष्कळांच्या घरात कोरकू किंवा एखादी आर्य बोली आहे. त्यामुळे ‘नाहाली’ या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या भाषा नोंदल्या गेल्या, आणि कोणता शब्द कोणत्या नाहालीतला हे जुन्या नोंदींवरून ओळखणं अवघड झालं. बोलणारे स्वतः भाषेला ‘काल्टो’ म्हणतात. माझ्या मते तेच नाव आधी रूढ व्हायला हवं होतं.

१९५० नंतर प्रत्यक्ष गावात जाऊन केलेल्या नोंदी छापून आल्या. त्यांच्या आधारे एका डच अभ्यासकाने १९६२ साली तौलनिक अभ्यास प्रसिद्ध केला. त्याने शब्दागणिक हिशेब मांडला: कोरकूशी जुळणारे इतके, द्राविडी इतके, मराठी-हिंदीतून आलेले इतके. सगळं वजा केल्यावर सुमारे चतुर्थांश शब्द उरले, ज्यांना आसपासच्या कुठल्याच कुळात नातेवाईक सापडत नव्हते. ते शब्द अगदी रोजच्या वापरातले होते. म्हणजे तळाशी आणखी एक, आज इतरत्र कुठेही न उरलेली भाषा असावी, ही शक्यता पुढे आली.

पण त्याच अभ्यासात दुसरी शक्यताही मांडलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्रजी कागदपत्रांत सातपुड्यातल्या निहालांचं वर्णन लूटमार करणाऱ्या टोळ्या असं आहे. तेव्हा हे अनोळखी शब्द मुद्दाम घडवलेल्या गुप्त बोलीतले असू शकतील, असा तो तर्क. अभ्यासकाने ती शक्यता म्हणूनच लिहिली होती. नंतरच्या लेखनात मात्र तिचा ‘सिद्ध झालेली गोष्ट’ असा उल्लेख होऊ लागला, आणि एका समाजाच्या भाषेवर गुन्हेगारीचा शिक्का बसला. अधिकाऱ्यांनी आपल्या सोयीने लिहिलेल्या वर्णनाला भाषेचा पुरावा मानलं गेलं, ही यातली खरी गफलत.

भाषेतला पुरावाही त्या बाजूने पुरेसा नाही. बैलबाजारातले दलाल आपसांत सांकेतिक शब्द वापरतात, पण वाक्याचा सांगाडा आणि सर्वनामं मराठीचीच राहतात. निहालीत ‘मी’साठी ‘जो’ हे सर्वनाम आहे, जे कोरकूतलं नाही. कोरकूत क्रियापदालाच कर्माची खूण जोडता येते, निहालीचं क्रियापद त्या रीतीने चालत नाही. शब्द लपवायचे म्हणून कुणी क्रियापदाची घडण बदलत बसत नाही. कोरकूतून आलेले शब्द निहालीत भरपूर आहेत, त्याचं कारणही साधं आहे: निहाल पिढ्यान्‌पिढ्या कोरकूंच्या शेतात मजुरीला राहिले आणि दोन्ही भाषा बोलत आले.

आकडे मोजताना हे सगळे थर एका दमात दिसतात. एकाला ‘बिडुम’, दोनाला ‘इरार’, तिनाला ‘मोठो’, चाराला ‘नालो’. दोन ते चार उघडच द्राविडी आहेत, तमिळ किंवा तेलुगू जाणणाऱ्याला लगेच ओळखू येतील. पाचापासून पुढे ‘पांचो’, म्हणजे आपल्याच मराठी-हिंदीच्या अंगाचे. यवतमाळ-वर्ध्याकडच्या कोलामीतही लहान आकडे द्राविडी आणि पुढचे उसने आहेत. पण कोलामीचं कूळ त्याने संशयात येत नाही, कारण तिचा बाकी सांगाडा द्राविडी आहे. निहालीत तसा आधार मिळत नाही.

सरकारी आकड्यांतून ही भाषा गायब होण्याचं कारण वेगळं. १९६१ च्या जनगणनेत १,६५२ मातृभाषा छापल्या गेल्या होत्या. १९७१ पासून दहा हजारांपेक्षा कमी भाषिक असलेल्या भाषांची वेगळी नोंद छापणं बंद झालं. २०११ च्या जनगणनेत कोरकूचे ७,२७,१३३ भाषिक नोंदले गेले, म्हणून तिच्यासाठी काही मागायला निदान आकडा हाताशी आहे. निहालीसाठी तोही नाही.

अभ्यास मात्र थांबला नाही. १९९६ साली तिचा मोठा शब्दसंग्रह प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास काहींनी तिचं नातं नेपाळातल्या कुसुंदाशी आणि पार जपानच्या ऐनूशीही जोडून पाहिलं. तुरळक शब्द जुळले, पण एका भाषेतल्या अमुक ध्वनीच्या जागी दुसरीत ठरावीक तमुक ध्वनी, असा नियम कुणालाच दाखवता आला नाही, आणि त्याशिवाय नातं सिद्ध होत नाही. २०१४ साली म्हैसूरहून व्याकरण, संहिता आणि शब्दावली असलेलं पुस्तक निघालं. आज बहुतेक अभ्यासक निहालीला एकाकी, म्हणजे कुठल्याच ज्ञात कुळाशी नातं सिद्ध न झालेली, भाषा मानतात. तो चतुर्थांश शब्दसाठा अजून उलगडलेला नाही, आणि तो तोंडात असलेली मुलं शाळेत मराठी शिकतात, बाजारात वऱ्हाडी बोलतात.