पिल्लू खात नाहीये? नवीन पिशवी मागवायच्या आधी हे वाचा

आम्हाला सगळ्यात जास्त फोन येतात ते याचेच, की कुत्र्याचं पिल्लू बाऊलपाशी जातं, वास घेतं आणि तोंड फिरवून निघून जातं, आता दुसरं कुठलं फूड देऊ? आम्ही फूडच विकतो, त्यामुळे दुसरी पिशवी पाठवणं आम्हाला सोपं आहे, पण बहुतेक वेळा पिशवी बदलून प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो, म्हणून हे पत्रक.

आधी बाऊल नाही, पिल्लू बघा

बाऊलमध्ये उरलंय म्हणजे पिल्लू उपाशी आहे असं नसतं. किती खायला द्यायचं याचा पाकिटामागचा तक्ता हा सरासरी अंदाज असतो आणि त्यातला आकडा पूर्ण दिवसाचा असतो, तो एका वेळचा समजून तेवढं वाढणारे खूप लोक भेटतात. काही तक्ते आजच्या वजनावर असतात, काही मोठेपणी किती वजन होईल त्यावर, तेही नीट वाचा, आणि कपाने मोजण्यापेक्षा किचनच्या काट्यावर ग्रॅममध्ये मोजा.

मग पिल्लाच्या बरगड्यांवरून सपाट हात फिरवा. फार न दाबता बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत पण लांबून उठून दिसता कामा नयेत, आणि वरून पाहिलं तर कंबर थोडी आत गेलेली दिसली पाहिजे. आठवड्यातून एकदा त्याला उचलून वजनकाट्यावर उभे राहा, नंतर एकटे उभे राहा, वजाबाकी करा, वहीत लिहा. वजन चढतंय, खेळतंय, शी घट्ट आहे, तर ते पिल्लू नखरे करत नाहीये, त्याचं पोट भरलंय.

वयाचाही भाग असतो. तीन महिन्यांपर्यंत दिवसाला 4 वेळा, मग सहा महिन्यांपर्यंत 3 वेळा आणि पुढे 2 वेळा, असं साधारण चालतं. चार ते सहा महिन्यांत वाढीचा वेग उतरायला लागतो, छोट्या जातीत तर लवकरच, त्यामुळे रोज चाटूनपुसून खाणारं पिल्लू दुपारचं जेवण सोडायला लागलं तर बऱ्याचदा ते दोन जेवणांवर यायला तयार झालेलं असतं. त्याच सुमाराला दुधाचे 28 दात पडून पक्के 42 यायला लागतात, हिरड्या दुखतात, ड्राय फूडचे कडक दाणे चावायला नको वाटतात, तेव्हा दाणे कोमट पाण्यात 15-20 मिनिटं भिजवून द्या. लस दिल्यावर एखादा दिवस भूक मंदावते. नवीन घरात आल्यावर पहिले काही दिवसही असंच होतं, त्या काळात ते आधी जिथे होतं तिथे जे खात होतं तेच चालू ठेवा, घर बदललंय तेवढं पुरे आहे.

पिल्लू सोकावतं कसं

पिल्लाने दाणे सोडले, तुम्हाला वाईट वाटलं, तुम्ही वर चिकन घातलं, त्याने चिकन वेचून खाल्लं, दुसऱ्या दिवशी त्याने परत दाणे सोडले तर तुम्ही हाताने भरवलं, तिसऱ्या दिवशी नवीन ब्रँड आला. यात पिल्लाला एकच गोष्ट समजली, की नाही म्हटलं की यापेक्षा चांगलं येतं. ते हट्टी नाहीये, हुशार आहे. आणि नवीन फूड आलं की दोन-तीन दिवस ते मिटक्या मारत खातं, आपल्याला वाटतं सापडलं एकदाचं, मग परत तेच, आणि घरात अर्धवट उघडलेल्या पिशव्या साठतात.

यावर उपाय एकच, आणि तो घरातल्या सगळ्यांनी मिळून करायचा. ठरलेल्या वेळी बाऊल ठेवा, 15-20 मिनिटं थांबा, आर्जवं करू नका, बाऊलपाशी बसून टक लावून बघू नका, वेळ झाली की उरलेलं उचला, पुढच्या जेवणापर्यंत मध्ये काही नाही (पाणी मात्र कायम असू द्या). धडधाकट पिल्लू काही दिवसांत वेळेवर खायला लागतं. पण घरातल्या एकाने जरी टेबलाखालून तुकडा सरकवला तरी सगळं पाण्यात, म्हणून आधी घरच्यांशी बोला आणि मग सुरू करा.

पण हे प्रत्येक पिल्लाला चालत नाही

हा भाग कृपया वगळू नका. खूप छोट्या जातीची पिल्लं, आणि कुठलंही अगदी लहान पिल्लू, जास्त वेळ उपाशी राहिलं तर रक्तातली साखर धोकादायक पातळीला उतरू शकते. त्यांच्या बाबतीत "भूक लागली की खाईल" हा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नका. पिल्लू मलूल झालं, थरथरतंय, चालताना झोकांड्या जातायत, झटके येतायत, तर हिरड्यांना मध किंवा साखरेचा पाक चोळा (तोंडात ओतू नका, ठसका लागेल) आणि लगेच डॉक्टरकडे न्या.

चार महिन्यांच्या आतल्या पिल्लाने लागोपाठ दोन जेवणं सोडली तर डॉक्टरांना फोन करा, मोठ्या पिल्लाने पूर्ण दिवस काही खाल्लं नाही तरी करा. आणि उलट्या, पातळ शी, शीमध्ये रक्त, लाळ गळणं, पोट फुगणं, पाणीही न पिणं, यातलं एक जरी दिसलं तरी वाट बघायची नाही. लसी पूर्ण नसलेल्या पिल्लाला पार्व्हो (आतड्यांचा जीवघेणा विषाणूजन्य आजार) होऊ शकतो आणि त्यात प्रत्येक तास महत्त्वाचा असतो. पोट मोठं आणि अंगाने मात्र हडकुळं असं दिसत असेल तर जंत असू शकतात, जंताचं औषध वेळेवर दिलंय ना ते तपासा. पायमोजा, खेळण्याचा तुकडा, असलं काही गिळलेलं पिल्लूही आधी जेवणच सोडतं.

ट्रीट्सचा हिशोब

दिवसभरातल्या एकूण कॅलरीजपैकी ट्रीट्स 10 टक्क्यांच्या आत हव्यात, आणि दोन-तीन किलोच्या पिल्लाला 10 टक्के म्हणजे खरंच अगदी थोडं असतं. आजी एक बिस्किट देते, मुलं दोन देतात, ट्रेनिंगमध्ये मूठभर जातात, मग संध्याकाळी पिल्लू जेवत नाही म्हणून सगळे काळजीत. दिवसाचे दाणे सकाळीच मोजून एका डब्यात काढा आणि ट्रेनिंगलाही त्यातलेच वापरा, बक्षीस म्हणून मिळालेला साधा दाणा पिल्लाला वेगळाच लागतो.

चव वाढवायची असेल तर

कुत्र्याचं खाणं चवीपेक्षा वासावर जास्त चालतं, म्हणून फूड जरा कोमट केलं की वास सुटतो आणि कितीतरी पिल्लं तेवढ्यानेच खायला लागतात. चमचाभर वेट फूड (पाऊच किंवा डब्यातलं ओलं फूड) घातलं तर ते नीट कालवा, वर ठेवलंत तर ते वेचून खाईल. तयार सूप किंवा स्टॉक घालू नका, त्यात मीठ आणि बहुतेक वेळा कांदा-लसूण असतो. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट, आणि शुगर-फ्री पदार्थातलं झायलिटॉल (काही पीनट बटरमध्येही असतं, लेबल बघा) कुत्र्यांना विषारी आहे, शिजवलेली हाडंही नकोत. दुधाने पुष्कळ पिल्लांना पातळ शी होते.

नुसतं मांस आवडतं म्हणून नुसतं मांसच देऊ नका, त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाही, वाढत्या हाडांना ते मारक आहे. पण म्हणून स्वतःच्या मनाने कॅल्शियम पावडर घालणंही चूक, मोठ्या जातीच्या पिल्लांमध्ये जास्तीच्या कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते. पाकिटावर पूर्ण आणि संतुलित आहार आणि पिल्लांच्या वाढीसाठी असं लिहिलेलं असेल तर वरून काही लागत नाही.

बाऊलही बघून घ्या. स्टीलच्या बाऊलवर पट्ट्याचा बिल्ला आपटून आवाज होतो आणि काही भित्री पिल्लं त्यानेच लांब जातात, चपट्या तोंडाच्या जातींना खोल बाऊल जमत नाही, आणि घरात दुसरा कुत्रा असेल तर दोघांना वेगवेगळ्या खोलीत जेवू घाला. दाणे मूळ पिशवीतच ठेवून पिशवी घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, उघडल्यावर साधारण महिन्याभरात संपवा, कारण त्यातलं फॅट खवट होतं आणि ते आपल्या नाकाला कळायच्या खूप आधी पिल्लाला कळतं, त्यामुळे स्वस्त पडते म्हणून छोट्या पिल्लासाठी मोठी पिशवी घेऊ नका.

आणि फूड खरंच बदलायचंच असेल तर 7 ते 10 दिवस घ्या. सुरुवातीला पाव भाग नवीन, मग अर्धा, मग पाऊण, शी पातळ झाली तर एक पायरी मागे या.

आम्हाला मेसेज कराल तेव्हा पिल्लाचं वय, जात, गेल्या काही आठवड्यांची वजनं, वरून काढलेला एक फोटो आणि काल सकाळपासून त्याच्या तोंडात काय काय गेलं त्याची यादी पाठवा, बिस्किटांसकट. तेवढ्यावर आम्ही सांगू शकतो की पिशवी बदलायची गरज आहे का नाही, आणि नसेल तर तसंच सांगू.